स्कायरिममधली ढाल-तलवार आपल्या मनासारखी रंगवायची: गिंपमध्ये रीटेक्स्चर कसं करायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत

गेममधल्या वस्तूचा आकार तसाच ठेवायचा आणि तिचा रंग, धातू, नक्षी, झीज एवढंच बदलायचं, याला रीटेक्स्चर म्हणतात. यासाठी थ्रीडी मॉडेलिंग यावं लागत नाही, प्रोग्रामिंग तर नाहीच, लेयर म्हणजे काय आणि ब्रश कसा चालवायचा एवढं माहीत असलं तरी सुरुवात होते. तरीसुद्धा बरेच जण पहिल्याच वस्तूला कंटाळून सोडून देतात. चित्र तर छान काढलेलं असतं, पण गेममध्ये गेल्यावर ढाल प्लास्टिकसारखी चकाकते, नाहीतर जांभळी दिसते, नाहीतर लांबून बघितली की नुसती लुकलुकते. खरी गोम फाइल उघडताना आणि सेव्ह करताना असते, पण बहुतेक ठिकाणी ब्रश आणि रंगांवरच भरभरून सांगितलेलं असतं, म्हणून मी इथे उलटं करतोय, रंगवण्याइतकाच भर फाइलींवर देतोय.

उदाहरण म्हणून स्कायरिम घेतलाय. २०११ चा मूळ गेम आणि २०१६ ची स्पेशल एडिशन, दोन्हीला हे लागू आहे, जिथे फरक पडतो तिथे सांगेन. दुसऱ्या गेममध्ये फोल्डर आणि फाइलींची नावं बदलतील, पण कामाची पद्धत साधारण हीच राहते. एक मात्र आधीच सांगतो, हे सगळं एकट्याने खेळायच्या गेमसाठी आहे. ऑनलाइन गेमच्या फाइलींना हात लावला की अँटी-चीट सिस्टिम त्याला फसवणूक समजू शकते आणि अकाउंट बॅन होऊ शकतं, तिथे हे प्रयोग करू नका.

काय काय लागेल

- गिंप. चित्रं एडिट करायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. गेममधली टेक्स्चर, म्हणजे वस्तूवर चढवलेली चित्रं, डीडीएस प्रकारच्या फाइलींमध्ये असतात. २.१० मालिकेच्या नंतरच्या आवृत्त्यांमध्ये डीडीएस फाइल उघडायची सोय आतच आहे, वेगळं प्लगइन शोधत बसू नका. शक्य असेल तर ३.० किंवा त्यानंतरचीच घ्या
- पेंट डॉट नेट. हेही फुकट, पण फक्त विंडोजवर चालतं. याचं मुख्य काम शेवटी बीसी७ मध्ये सेव्ह करणं (बीसी१, बीसी३, बीसी५, बीसी७ हे टेक्स्चर कॉम्प्रेस करायचे प्रकार)
- बेथेस्डा आर्काइव्ह एक्स्ट्रॅक्टर. गेमच्या बीएसए फाइलींमधून, म्हणजे सगळं एकत्र पॅक केलेल्या गठ्ठ्यांमधून, टेक्स्चर बाहेर काढायला
- निफस्कोप. वस्तूचं थ्रीडी मॉडेल बघायला
- मॉड ऑर्गनायझर २. मॉड म्हणजे आपण गेममध्ये घातलेला बदल. आपलं काम गेमच्या मूळ फोल्डरपासून वेगळं ठेवायला

फोटोशॉप असेल तर उत्तमच, पायऱ्या त्याच राहतात, फक्त डीडीएससाठी इंटेल किंवा एनव्हिडियाचं प्लगइन टाकावं लागेल.

१. मूळ फाइल बाहेर काढा

गेमच्या डेटा फोल्डरमध्ये मोठमोठ्या बीएसए फाइली दिसतील. मूळ स्कायरिममध्ये टेक्स्चरची एकच बीएसए आहे, स्पेशल एडिशनमध्ये टेक्स्चर्स ० पासून टेक्स्चर्स ८ पर्यंत नऊ आहेत. एक्स्ट्रॅक्टरमध्ये त्या उघडा, सर्चमध्ये वस्तूचं नाव टाका. हत्यारं वेपन्स फोल्डरमध्ये असतात, चिलखतं आणि ढाली आर्मर फोल्डरमध्ये, आणि त्याच्या आत आयर्न, स्टील अशी धातूची नावं. मॉडेलसाठी मेशेसची बीएसए वेगळी उघडावी लागते, तीही उघडा, कारण पुढच्या पायरीत लागणार आहे.

काढलेल्या फाइली डेटा फोल्डरमध्ये ठेवू नका. बाहेर कुठेतरी 'मूळ' नावाचं फोल्डर करा, त्यात ठेवा आणि त्या फाइलींना पुन्हा हात लावू नका. काम नेहमी कॉपीवर करायचं.

एका वस्तूच्या दोन-तीन तरी फाइली निघतील आणि त्या कशाकशाच्या आहेत हे नावाच्या शेपटीवरून कळतं. शेपटी नसलेली फाइल म्हणजे डिफ्यूज, म्हणजे आपल्याला दिसतो तो रंग. शेवटी अंडरस्कोर एन असेल तर नॉर्मल मॅप, म्हणजे उंचसखलपणा, ही निळसर-जांभळी दिसते. अंडरस्कोर एम म्हणजे आजूबाजूचं प्रतिबिंब वस्तूवर कुठे पडायचं त्याचा मास्क, अंडरस्कोर जी म्हणजे स्वतःहून उजळणारा भाग. नवख्याने पहिल्या वेळी फक्त डिफ्यूजला हात लावावा, बाकीच्या फाइली आहेत तशा राहू द्या.

२. कुठला तुकडा कुठे बसतो ते बघा

डिफ्यूज फाइल उघडलीत की गोंधळायला होईल, कारण तिथे ढाल दिसतच नाही, नुसते तुकडे पसरलेले दिसतात. शिंपी कापड बेतून तुकडे करतो आणि मग ते शिवतो तसंच इथे आहे, मॉडेलचा पृष्ठभाग उलगडून सपाट केलेला असतो आणि त्या नकाशाला यूव्ही म्हणतात.

निफस्कोपमध्ये मॉडेल उघडा. पांढरं किंवा जांभळं दिसलं तर सेटिंग्जमधल्या रिसोर्सेसमध्ये बाहेर काढलेलं टेक्स्चरचं फोल्डर जोडा. मग मॉडेलवर राइट क्लिक करून टेक्स्चर मेनूमधून एडिट यूव्ही उघडा, टेक्स्चरवर रेषांचं जाळं दिसेल. तिथे काही हलवू नका, फक्त बघा आणि स्क्रीनशॉट घ्या. तो स्क्रीनशॉट गिंपमध्ये सगळ्यात वरच्या लेयरवर कमी ओपॅसिटीने ठेवलात की आपण कड रंगवतोय का पाठ हे सारखं समोर राहतं.

इथेच दोन गोष्टी तपासून घ्या, नंतर डोकेदुखी नको. पहिली, आरसा. जागा वाचवायला बऱ्याच वस्तूंच्या डाव्या आणि उजव्या बाजूला टेक्स्चरचा एकच तुकडा वापरलेला असतो. अशा भागावर अक्षरं लिहिलीत तर एका बाजूला ती उलटी दिसणार म्हणजे दिसणारच, त्यामुळे तिथे दोन्हीकडून सारखी दिसेल अशीच नक्षी घ्या. दुसरी, वाटणी. एकच टेक्स्चर दोन-तीन वस्तूंना मिळून लावलेलं असू शकतं. निफस्कोपमध्ये बीएस शेडर टेक्स्चर सेट नावाचा ब्लॉक शोधा, त्यात कुठकुठल्या फाइली लावल्यात त्याची यादी असते, पहिली डिफ्यूज, दुसरी नॉर्मल. दुसऱ्या वस्तूच्या मॉडेलमध्येही तेच नाव दिसलं तर तुमचा बदल तिथेही दिसणार. आणि हे लक्षात घ्या की या पद्धतीने गेममधल्या त्या प्रकारच्या सगळ्याच वस्तू बदलतात, शिपायांच्या हातातल्या, दुकानातल्या, सगळ्या. फक्त तुमचीच एक तलवार वेगळी हवी असेल तर क्रिएशन किटमध्ये, म्हणजे बेथेस्डाच्या मॉड बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, नवीन वस्तू बनवावी लागते, ते पुढचं काम आहे, आधी हे जमू द्या.

३. गिंपमध्ये नीट उघडा

डीडीएस उघडताना गिंप विचारतं की मिपमॅप लोड करायचे का. ती खूण काढून टाका. मिपमॅप म्हणजे त्याच चित्राच्या निम्म्या-निम्म्या होत गेलेल्या छोट्या प्रती, वस्तू लांब असली की गेम त्या वापरतो. खूण राहिली तर एकेक प्रत वेगळ्या लेयरवर येऊन पसारा होतो.

फाइल उघडतच नसेल तर ती बहुतेक बीसी७ प्रकारची आहे आणि तुमचं गिंप जुनं आहे. पेंट डॉट नेटमध्ये उघडून टीजीए या चित्राच्या साध्या प्रकारात सेव्ह करा आणि ती गिंपमध्ये घ्या.

चित्राचा साइज लिहून ठेवा आणि अल्फा चॅनल आहे का बघा. अल्फा असेल तर जपून. साध्या फोटोत अल्फा म्हणजे पारदर्शकपणा, पण गेममध्ये त्या चॅनलमध्ये काहीही माहिती भरलेली असू शकते. स्कायरिमच्या नॉर्मल मॅपमध्ये वस्तू कुठे किती चकाकावी हे अल्फामध्ये असतं! अशी फाइल गिंपमध्ये अर्धवट पारदर्शक दिसते आणि माणसाला वाटतं काहीतरी बिघडलंय, मग तो फ्लॅटन करतो, अल्फा उडतो, आणि अख्खी वस्तू सारखीच चकाकायला लागते. प्लास्टिकसारखी ढाल दिसायचं कारण बहुतेक वेळा हेच.

सुरक्षित पद्धत अशी, लेयरवर राइट क्लिक, अॅड लेयर मास्क, त्यात ट्रान्सफर लेयर्स अल्फा चॅनल. आता रंग पूर्ण दिसेल आणि अल्फा मास्कमध्ये वेगळा राहील. मास्क तात्पुरता डिसेबल करून रंगाचं काम करा, एक्सपोर्टच्या आधी पुन्हा चालू करून अप्लाय करा. आणि नवीन लेयर वर रचणार असाल तर आधी त्या मास्कची प्रत वेगळ्या काळ्या-पांढऱ्या लेयरवर घेऊन ठेवा, कारण पारदर्शक लेयर एकमेकांत मर्ज करताना अल्फा शून्य असलेल्या जागचा रंग हातचा जातो.

४. रंगवायला घ्या

इथे माझं ठाम मत आहे, मूळ चित्रातला उजेड-अंधार वाचवा. जुन्या कलाकारांनी खाचांमधली सावली, कडांची झीज, ठोक्यांचे डाग इतक्या मेहनतीने हाताने काढलेले असतात की त्यावर नुसता दुसरा धातू चिकटवला तर वस्तू सपाट आणि निर्जीव दिसते. मूळ लेयरची प्रत घ्या, डिसॅच्युरेट करा म्हणजे काळी-पांढरी होईल, आणि ती सगळ्यात वर मल्टिप्लाय किंवा सॉफ्ट लाइट मोडमध्ये ठेवा. तिच्या खाली नवीन धातू, लाकूड, चामडं जे हवं ते घाला. मल्टिप्लायने चित्र काळवंडतं, मग कर्व्ह्जने थोडं उजळा किंवा ओपॅसिटी अर्ध्यावर आणा.

फक्त रंगच बदलायचा असेल तर काम अजून सोपं. तो भाग सिलेक्ट करा आणि वर रंगाचा लेयर टाकून मोड एचएसएल कलर करा, उजेड-अंधार आपोआप तसाच राहतो. ह्यू-सॅच्युरेशनचा स्लायडर सरकवूनही होतं, पण करड्या लोखंडात मुळात रंगच नसतो त्यामुळे ह्यू फिरवून काहीच होत नाही आणि लोक म्हणतात चालत नाही, तिथे कलराइझ वापरा.

प्रत्येक मटेरियलचा लेयर ग्रुप वेगळा करा, धातूचा एक, चामड्याचा एक, नक्षीचा एक, आणि खोडण्याऐवजी मास्क वापरा. गेममध्ये बघितल्यावर सोनं जास्तच पिवळं वाटलं तर फक्त तेवढंच खाली आणता येतं. काम गिंपच्या एक्ससीएफमध्येच सेव्ह करत जा, डीडीएस पुन्हा पुन्हा उघडून त्यावरच काम केलंत तर दर वेळी कॉम्प्रेशनचा फटका बसून चित्र थोडं थोडं खराब होत जातं.

धातूचे, लाकडाचे फोटो हवे असतील तर पॉली हेवन आणि अँबियंट सीजी बघा, दोन्हीकडचं साहित्य सीसी० आहे म्हणजे वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. सर्चमध्ये दिसला तो फोटो उचलू नका. फोटोत एका बाजूने ऊन पडलेलं असेल तर तोही टाळा, कारण गेमचा सूर्य फिरला तरी त्या फोटोतली सावली जागेवरच राहते आणि डोळ्याला खटकते.

तुकड्यांच्या कडा. रंग तुकड्याच्या रेषेवर थांबवू नका, २०४८ च्या चित्रात निदान ८ ते १६ पिक्सेल बाहेर पसरू द्या. मिपमॅप छोटे होताना शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात आणि बाहेर काळं किंवा रिकामं असेल तर लांबून बघताना शिवणीवर काळी रेघ दिसते. जवळून सगळं ठीक दिसतं म्हणून हे लक्षातच येत नाही.

५. साइज उगाच वाढवू नका

लांबी-रुंदी ५१२, १०२४, २०४८, ४०९६ अशीच हवी, म्हणजे दर वेळी दुप्पट होत जाणारी. ४ हजाराचा मोह सगळ्यांना होतो. हिशोब बघा, २०४८ बाय २०४८ चं चित्र कॉम्प्रेशनशिवाय १६ एमबी, बीसी७ मध्ये ४ एमबी, बीसी१ मध्ये २ एमबी, आणि मिपमॅपमुळे त्यावर साधारण एक तृतीयांश. ४०९६ घेतलं की हे सगळं चौपट, बीसी७ मध्येच १६ एमबी, आणि ही जागा ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत जाते. कमरेला लटकणाऱ्या खंजिरासाठी १०२४ पुष्कळ झालं. पूर्ण चिलखताला २०४८.

लहान मूळ चित्र मोठं करून त्यावर काही नवीन काढलंच नाही तर नुसतंच धूसर चित्र मोठं होतं, त्यात फायदा काही नाही.

६. नक्षी उठावदार हवी असेल तर नॉर्मल मॅप

डिफ्यूजवर काढलेली नक्षी ही नुसती रंगवलेली नक्षी असते, मशाल फिरवली तरी तिच्या कडा चमकत नाहीत. त्यासाठी नॉर्मल मॅपमध्ये बदल हवा.

नक्षी काळ्या-पांढऱ्यात वेगळी काढा, उंच भाग पांढरा, खोल भाग काळा, कडा जराशा ब्लर करा, नाहीतर पायऱ्या पायऱ्या दिसतात. मग फिल्टर्स, जेनेरिक, नॉर्मल मॅप. स्कायरिमला डायरेक्टएक्स पद्धतीचा नॉर्मल लागतो, त्यामुळे नक्षी गेममध्ये उठावाऐवजी खोदल्यासारखी दिसली तर हिरवा चॅनल उलटा करा. हा नवीन मॅप जुन्यावर ओव्हरलेने बसवा, पण त्याआधी नवीन मॅपचा निळा चॅनल पूर्ण मधल्या करड्यावर, १२८ वर आणा, म्हणजे खालचा निळा बिघडत नाही. आणि अल्फा परत जागेवर घाला, तिसऱ्या पायरीत सांगितलेली काळी-पांढरी प्रत इथे कामाला येते.

चकाकी बदलायची तर याच अल्फात. सोन्याच्या नक्षीवर फिकट करडा, चामड्यावर जवळजवळ काळा. पूर्ण पांढरा कुठेच भरू नका.

७. सेव्ह, म्हणजे खरा कस

गिंपमध्ये सेव्ह म्हणजे एक्ससीएफ, डीडीएससाठी एक्सपोर्ट अॅज. तिथे दोन गोष्टी बघायच्या, कॉम्प्रेशन आणि मिपमॅप. मिपमॅपला जनरेट निवडा, ते विसरलं की वस्तू लांबून लुकलुकते.

कॉम्प्रेशन असं ठरवा. मूळ २०११ चा गेम असेल तर अल्फा नसलेल्या डिफ्यूजला बीसी१, अल्फा असलेल्या कशालाही बीसी३. बीसी७ तिथे चालतच नाही. स्पेशल एडिशनमध्ये बीसी७ चालतो आणि रंगांच्या मऊ छटांसाठी आणि नॉर्मल मॅपसाठी तोच वापरा, कारण बीसी१ मध्ये ४ बाय ४ पिक्सेलच्या प्रत्येक चौकोनाला मूळ रंग दोनच मिळतात, मधल्या छटा त्या दोघांमधून काढलेल्या असतात, त्यामुळे गुळगुळीत धातूवर चौकोन चौकोन दिसायला लागतात. नॉर्मल मॅपला बीसी५ द्या असा सल्ला कुठेतरी दिसेल, स्कायरिमसाठी तो ऐकू नका, बीसी५ मध्ये अल्फा राहत नाही, गेली चकाकी.

गिंपमध्ये बीसी७ चा पर्याय मिळाला नाही तर अल्फासकट टीजीए एक्सपोर्ट करा, ती पेंट डॉट नेटमध्ये उघडा, सेव्ह अॅज डीडीएस, यादीतून बीसी७ लिनियर, आणि जनरेट मिपमॅप्सवर खूण. लिनियरच घ्या, एसआरजीबी लिहिलेला शेजारचाच पर्याय आहे, तो निवडला तर रंग वेगळेच दिसतात.

८. गेममध्ये घाला आणि तपासा

मॉड ऑर्गनायझरमध्ये रिकामा मॉड तयार करा, त्याच्या आत टेक्स्चर्स फोल्डर आणि त्याच्या आत मूळ फाइलीचा जो रस्ता होता तोच हुबेहूब, फाइलीचं नावही तेच. स्कायरिम आधी मोकळ्या फाइली बघतो आणि मग बीएसए, त्यामुळे तुमची फाइल आपोआप पुढे येते आणि मूळ गेम जसाच्या तसा राहतो. आवडलं नाही तर मॉडची खूण काढली की झालं.

तपासायला जुना सेव्ह उघडून गावभर फिरायची गरज नाही. मेन मेनूवर असतानाच टिल्डचं (~) बटण दाबून कन्सोल, म्हणजे आज्ञा टाइप करायची जागा, उघडा आणि coc qasmoke असं टाइप करा. गेम बनवणाऱ्यांच्या चाचणी खोलीत पोचाल, तिथल्या पेट्यांमध्ये गेममधल्या वस्तू भरून ठेवलेल्या आहेत. तिथून वस्तू घेऊन बाहेरच्या जगात जा, कारण इन्व्हेंटरीतला उजेड वेगळा असतो आणि त्यावर विश्वास ठेवू नये. कन्सोलमध्ये set gamehour to 12 असं दिलं की दुपार, 22 दिलं की रात्र. दुपारी, रात्री, मशालीच्या उजेडात, जवळून आणि दहा-पंधरा पावलं लांबून, एवढं तरी बघा. फाइल बदलली की गेम बंद करून पुन्हा चालू करा, नाहीतर जुनंच टेक्स्चर दिसत राहतं आणि तुम्ही उगाच डोकं खाजवत बसता.

काही बिघडलं तर आधी हे बघा

- वस्तू जांभळी: फाइल सापडत नाहीये किंवा वाचता येत नाहीये. नाव, फोल्डरचा रस्ता आणि मूळ गेमला चुकून बीसी७ दिलाय का ते तपासा
- काहीच बदल नाही: दुसरा मॉड तुमच्या फाइलीवर मात करतोय, मॉड ऑर्गनायझरच्या यादीत तुमचा मॉड खाली सरकवा
- सगळीकडे सारखी चकाकी: नॉर्मल मॅपचा अल्फा गेलाय
- लांबून लुकलुक: मिपमॅप नाहीत
- शिवणीवर काळी रेघ: कडेबाहेर रंग पसरवलेला नाही
- लाल त्रिकोणात उद्गारचिन्ह: हे टेक्स्चरचं नाही, मॉडेलची फाइल हललीये, मेशेसमध्ये काही टाकलंय का बघा

९. इतरांना द्यायचं असेल तर

स्वतःपुरतं वापरायला कुणी विचारत नाही, पण शेअर करताना फक्त तुम्ही बदललेल्या टेक्स्चरच्या फाइली पॅक करा, गेममधून काढलेल्या बाकीच्या मूळ फाइली त्यात टाकू नका. दुसऱ्या कुणाच्या मॉडवर काम केलं असेल तर त्या मॉडच्या पानावरचा परवानगीचा भाग आधी वाचा, तिथे स्पष्ट लिहिलेलं नसेल तर मेसेज करून विचारा आणि उत्तर येईपर्यंत अपलोड करू नका, त्या माणसानेही इतकेच तास घातलेले असतात. वर्णनात गेमची आवृत्ती, टेक्स्चरचा साइज आणि कुठकुठल्या वस्तू बदलतात ते लिहा. फोटो दोन टाका, एक दिवसाचा, एक मशालीच्या उजेडातला, आणि शेजारी मूळ वस्तूचा, म्हणजे डाउनलोड करणाऱ्याला आधीच कळतं काय मिळणार आहे ते.